कुरुंद्याचे बिशपसाहेब

शांतवन खिल्लारे यांचं माप मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा ते बिशप नव्हते आणि मी नीटसा टेलरही नव्हतो. ते अठ्ठावीस-तिशीचे, कुरुंद्याच्या ख्रिस्ती मंडळीवर नुकतेच पाळक म्हणून आलेले. मी विशीतला. अब्बांच्या मशीनवर सरळ शिवण मारायला शिकलो होतो, पण कात्री हातात घेतली की घाम फुटायचा. एका दुपारी दुकानासमोर सायकल उभी करून ते आत आले, काखेतलं पांढरं कापड फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "झगा शिवायचाय. उपासनेच्या टायमाला घालायचा. पर घोट्याच्या वर चार बोटं ठेवा. आधीचा सायकलच्या चैनीत जाऊन राह्यला. दोन डाव पडलो."

ख्रिस्ती धर्मगुरूचा झगा आमच्या दुकानात कधी शिवला गेला नव्हता. ते गेल्यावर मी अब्बांना विचारलं, हे काम घ्यायचं का. अब्बा पाच वेळचे नमाजी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कपडा चोख शिव," ते म्हणाले. "बाकीचं त्यांचा देव आन आपला अल्ला बघून घेतील."

तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षं त्या माणसाचे कपडे मी शिवले. पाळकाचा पांढरा झगा शिवला, नंतर बिशपचा जांभळा शिवला, आणि निवृत्त झाल्यावर साधे सदरे. आमच्या घरात दखनी बोलतात, पण माझी शाळा जिल्हा परिषदेची, आणि साहेबांशी मी कायम मराठीत बोललो. म्हणून हेही मराठीतच लिहितोय. त्यांच्या धर्मातलं मला फार कळत नाही. माणूस मात्र मी अंगाखांद्यानिशी ओळखत होतो.

उंच, काळे, हडकुळे. गळ्याची घाटी मोठी. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. झग्याच्या त्या बाजूला मी आतून पातळ भरती द्यायचो, म्हणजे उपासनेत उभे राहिले की सरळ दिसायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "शेरडं राखली ना लहानपणी. चालून दमलेलं करडू त्याच खांद्यावर टाकायचो." वडील लवकर वारलेले. आई सोनाबाई मिशनच्या दवाखान्यात दाई होती. पंचक्रोशीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मली, त्यात मीही. साहेब मला कधी कधी म्हणायचे, "रशीद, तुझं पहिलं माप माझ्या आईनं घेतलेलं हाय."

त्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं सारखी यायची. एक म्हणजे "आधी बसा." कोणी तक्रार घेऊन आलं, भांडण घेऊन आलं, सोयरीक घेऊन आलं, आधी बसवायचे, आणि शक्यतो एकाच बाजेवर. म्हणायचे, "उभ्यानं माणूस भांडतो. बसल्यावर बोलतो." दुसरं वाक्य होतं, "बराबर हाय, पर पुरं न्हाई." हे मी स्वतः शेकडो वेळा ऐकलं. एका बाईनं पोराच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा म्हटलं, तर यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले आणि म्हणाले, "बराबर हाय, पर पुरं न्हाई. पुस्तक कुठंय त्याचं?" मग पोराला शेजारी बसवून तासभर गणितं घातली.

उपदेश दहा मिनिटांचा करायचे. आमच्या भागात चपला बाहेर काढून चर्चमध्ये बसतात. ते म्हणायचे, "दहा मिनिटांत पटलं न्हाई तर अकराव्याला लोकाचं ध्यान चपलांत जातं." शिवाय ते उपदेशातही घरात बोलतात तसंच बोलायचे. शहरातून आलेल्या एका पाहुण्यानं सुचवलं की पाळकाची भाषा शुद्ध असावी. त्यावर ते म्हणाले, "शुद्ध बोलायला लागलो की लोक मान डोलावतात आन घरी जाऊन इचारतात, काय म्हणले म्हणून."

असा माणूस बिशप होईल असं कुरुंद्यात कोणाला वाटलं नव्हतं. बिशप म्हणजे कित्येक जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचा आणि पाळकांचा मुख्य. पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी मिळून त्याची निवड करतात. त्या वर्षी तीन नावं होती. एक परदेशात शिकून आलेले, एक मोठ्या शाळेचे प्रमुख, आणि तिसरे हे. खेड्यापाड्यांतल्या प्रतिनिधींनी यांना निवडलं. निवडीची बातमी घेऊन ते एसटीतून उतरले ते थेट दुकानात आले. बसले. पाणी प्याले. म्हणाले, "रशीद, आता जांभळं कापड लागंल."

शहरातल्या लोकांनी जरीकाम करणारा मोठा टेलर ठरवला होता. साहेब म्हणाले, झगा कुरुंद्यातच शिवला जाईल. मी महिनाभर आधी माप घेतलं आणि आयुष्यात कधी लावला नव्हता एवढा जीव लावून झगा शिवला. दीक्षाविधीच्या दिवशी तो घेऊन शहरात गेलो. मोठं दगडी चर्च, बाहेर मांडव, कुठून कुठून आलेले पाच बिशप. वेदीच्या बाजूच्या खोलीत साहेबांनी झगा अंगात घातला. झगा त्यांच्या अंगावर तरटासारखा लोंबत होता. निवड झाल्यापासून महिनाभर त्यांच्या गळ्याखाली धड घास उतरला नव्हता, हे मला कोण सांगणार.

आत वाद्य सुरू झालेलं. एक वयस्क पाळक दारात येरझारा घालत होते. "चला, चला, वेळ झाली. आहे तसं चालेल."

"चालंल," साहेब म्हणाले, "पर ह्याला आधी बसू द्या. उभ्यानं शिवलं तर सुई मला टोचंल."

मी फरशीवर बसलो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घेतले, जमेल तिथं कच्ची शिलाई मारली आणि जमलं नाही तिथं टाचण्या लावल्या. पाच बिशप आणि हजारभर माणसं दहा मिनिटं थांबली. मग साहेब बाहेर गेले आणि पाचही जणांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले.

संध्याकाळी जेवणाच्या मांडवात ते मला शोधत आले. झग्याच्या आतून एक टाचणी काढून माझ्या हातावर ठेवली. "बरगडीला टोचून राह्यली होती," ते म्हणाले. "बरं झालं. अशा दिवशी माणूस हवेत जातो."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक जिलबी वाढायला लावली.

बिशप झाल्यावर त्यांचं राहणं शहरात गेलं, पण कुरुंद्याला महिन्यातून एकदा तरी यायचे. गाडी मिळाली होती. पुढच्या सीटवर बसायचे, आणि वाटेत हात केलेल्या प्रत्येकाला गाडीत घ्यायचे. त्यामुळे बिशपची गाडी आली की त्यातून आधी दोन म्हाताऱ्या, एक कोंबड्यांची पाटी आणि एखादा शाळामास्तर उतरायचा. कुरुंद्याच्या मंडळीवर आता दयानंद साळवे नावाचे पाळक होते. बारीक चणीचे, मितभाषी, साहेबांनीच शिकवून तयार केलेले.

वारंगा फाट्याचं प्रकरण याच काळातलं.

फाट्याजवळ ख्रिस्ती लोकांची जुनी दफनभूमी होती. कडुनिंबाची सहा-सात झाडं, काही दगडी क्रूस, बाकी नुसते उंचवटे. साहेबांची आई तिथंच पुरलेली. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मोजणीच्या खुणा थेट त्या जागेतून गेल्या. मंडळ्यांमध्ये खळबळ उडाली. मोजणीचा साहेब भला माणूस होता. त्यानं सांगितलं, "जागा तुमची आहे असा कागद दाखवा, रस्ता पलीकडे वळवायचं बघू." पलीकडे लमाणांचा तांडा होता. रस्ता वळला तर त्यांची अकरा घरं जाणार होती.

कागद सापडला. चर्चच्या लोखंडी कपाटात, निजामाच्या वेळचा, उर्दूत लिहिलेला. वाचणार कोण? साहेब, साळवे पाळक आणि मंडळीच्या कमिटीतले तिघे तो घेऊन दुकानात आले. अब्बा तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होते, पण भिंग घेऊन अजून वाचायचे. त्यांनी कागद मांडीवर घेतला. जागीरदाराचं नाव वाचलं, चतुःसीमा वाचल्या, देखभाल मिशनकडे दिल्याचं वाचलं. कमिटीवाल्यांचे चेहरे फुलले. मग अब्बा थांबले, भिंग जवळ नेलं आणि शेवटची ओळ दोनदा वाचली.

"जमीन मिशनला दिली न्हाई," अब्बा म्हणाले. "राखायला दिली. ह्या रस्त्यावर ज्याला मौत आली, त्या हरएक मुसाफिरासाठी. जात कोणती, धर्म कोणता, इचारायचं न्हाई असं लिवलंय."

मग कमिटीतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "शेवटची ओळ वाचलीच न्हाई असं समजू. बाकीचा कागद तर बराबर आपल्या बाजूचा हाय."

साहेब म्हणाले, "वाचली ना आता. न वाचल्यावाणी कसं करावं?"

त्याच दिवशी ते तांड्यावर गेले. मला बरोबर नेलं, कारण कागद अब्बांनी माझ्या हातात दिला होता. तांड्याचे धनसिंग नाईक आम्हाला पाहून उठून उभे राहिले, चेहरा कठीण. त्यांना वाटलं, घरं सोडा असं सांगायला आले. साहेब आधी बाजेवर बसले, शेजारची जागा थोपटली. नाईक बसल्यावर कागदातली शेवटची ओळ त्यांना सांगितली आणि विचारलं, "तुमचं कोणी हाय का तिथं?"

"माज्या आज्याची माय हाय," नाईक म्हणाले. "बैलावर माल घेऊन जायचे आमचे लोक ह्याच रस्त्यानं. पटकी आली, तिथंच गेली. आमी वर्षातून एकदा निंबाखाली नारळ ठिवतो. तुमच्या लोकाला दिसू नये म्हणून पहाटं ठिवून येतो."

"चोरून काहून?"

"जागा तुमची ना."

"न्हाई," साहेब म्हणाले. "तुमची पण हाय. आमाला आजच कळलं."

पुढच्या रविवारी त्यांनी तो कागद भर चर्चमध्ये वाचून दाखवला, शेवटच्या ओळीसकट. मग सांगितलं की रस्ता सरळ जाऊ द्यायचा, तांड्याला हात लावायचा नाही, बदल्यात वरच्या माळावर तेवढीच जागा मागायची आणि सगळ्यांचे अवशेष तिकडे न्यायचे. लोक चिडले. बरीच वर्षं बाहेरगावी राहून परतलेला एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "माझ्या बापाची हाडं उकरायची? तुमची आई असती तिथं, म्हणजे कळलं असतं."

म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, "हाय ना काका. तिलाच आधी काढू."

जागा मिळायला वर्ष गेलं, पण मिळाली. साहेबांनी मला मांजरपाटाच्या थैल्या शिवायला सांगितल्या. "सगळ्या एकाच मापाच्या," ते म्हणाले. बिशपच्या आईची, नाईकांच्या पणजीची, ज्याचं नावच कोणाला ठाऊक नाही त्याची, सगळ्यांची थैली एकसारखी. आठ दिवस मी दुसरं काही शिवलं नाही. आमच्या मोहल्ल्यातून कबरी खोदणारे चौघे आले, तांड्यावरून दहा-बारा जण आले, मंडळीतले लोक आले. सकाळी ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः कुदळ घेतली. थोडं खणल्यावर कुदळ बाजूला ठेवून हातानं माती काढायला लागले. शेवटी जे हाती आलं ते त्यांनी एकेक करून थैलीत ठेवलं, वर क्षणभर हात ठेवला आणि उठले. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाले, "एवढीशीच होती बघ. आमाला केवढी मोठी वाटायची."

वरच्या माळावर साळवे पाळकांनी प्रार्थना वाचली, अब्बांनी खुर्चीत बसून दुवा मागितली, नाईकांनी नारळ फोडला, या वेळी दिवसाढवळ्या. साळवे पाळकांच्या हातातला कागद थरथरत होता. मला वाटलं, मन भरून आलं असेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

आणि इथून पुढची गोष्ट साहेबांच्या चुकीची आहे. ती गाळली तर त्यांनाच आवडणार नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी कुरुंद्याच्या मंडळीतल्या चौघांनी बिशपना पत्र लिहिलं की साळवे पाळक पितात. प्रभूभोजनाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या उपासनेत भाकर आणि द्राक्षरस देतात त्या वेळी, त्यांच्या हातातला प्याला हिंदकळतो. बोलताना जीभ जड होते. चालताना तोल जातो. एकदा वेदीची पायरी चढताना पडले. हे सगळं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. साहेब त्या दिवसांत बऱ्याच कामांत अडकलेले होते. त्यांनी साळव्यांना शहरात बोलावून घेतलं आणि ऑफिसच्या टेबलापुढे उभं करून विचारलं, "खरं हाय का?"

साळवे मानी माणूस. ज्यानं आपल्याला घडवलं त्यानं असा प्रश्न विचारावा, हेच त्यांना लागलं. ते म्हणाले, "तुमाला तसं वाटत असंल तर तसंच."

साहेबांनी त्यांना कामावरून दूर केलं. साळवे पाळकांनी कुरुंदा सोडलं आणि बायकोला घेऊन सेनगावला, आपल्या बहिणीच्या घरी जाऊन राहिले. गावात कुजबुज झाली, मग थांबली.

सहा महिन्यांनी साहेब नव्या झग्याच्या मापाला दुकानात आले. मी टेप त्यांच्या छातीभोवती घेतली आणि सहज विचारलं, "साळवे पाळकाला काहून काढलं साहेब?"

"पीत होता."

"कोण म्हणलं?"

"चौघांनी लिहून दिलं. मंडळीनं डोळ्यांनी पाह्यलं."

मी टेप खाली घेतली. "साहेब, गळ्याचं माप घेताना माझं नाक माणसाच्या तोंडापाशी असतं. ह्या गावात कोण पितो ते माझ्याइतकं कोणाला ठाव न्हाई. साळव्याचे कपडे मी बारा वर्षं शिवले. सकाळी आले, दुपारी आले, सणावाराला आले. एक डाव वास आला न्हाई. हात मात्र त्यांचा नुसता बसल्या जागी पण हलायचा. गेल्या वर्षी त्यांना सदऱ्याच्या गुंड्या लावता येत नव्हत्या, मी लावून दिल्या."

साहेब म्हणाले, "मंग तू हे मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई."

हे मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. खरंच तसं होतं. साहेब मागच्या स्टुलावर बसले. मशीनवर माझी सून पिको करत होती, तिचाही पाय थांबला. ते म्हणाले, "मी त्याला बस पण म्हणलो न्हाई, रशीद."

माप अर्धवटच सोडून ते उठले आणि त्यांनी गाडी सेनगावला घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ते साळव्यांना घेऊन नांदेडच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात आहे, निदान चार-पाच वर्षांपासूनचा. औषधानं थोडा आवरेल, बरा होणार नाही.

त्या रविवारी कुरुंद्याच्या चर्चमध्ये इतकी गर्दी झाली की आम्ही बाहेरची माणसं खिडक्यांपाशी उभी होतो. साहेब जांभळ्या झग्यात, डोक्यावर बिशपचा उंच टोप, हातात मेंढपाळाची काठी अशा पूर्ण पोशाखात आले. मी त्यांना कुरुंद्यात असं कधी पाहिलं नव्हतं. गावात ते साध्या झग्यातच यायचे. साळवे पाळक आणि त्यांची बायको पहिल्या बाकावर बसली होती. साहेबांनी टोप काढून खाली ठेवला, काठी भिंतीला टेकवली आणि मंडळीसमोर उभे राहिले.

"दयानंद साळवे आजारी हायेत," ते म्हणाले. "पीत न्हाईत. कधी पीत नव्हते. तुमी पाह्यलं ते खरं होतं, समजलं ते खोटं होतं. पर तुमी फक्त लिवलं. निकाल मी दिला. न ऐकता दिला. बिशपच्या खुर्चीतून दिला म्हणून बिशपच्या पोशाखात माफी मागतोय." मग ते साळव्यांकडे वळले आणि गुडघ्यांवर बसले. "दयानंदा, माफ कर."

साळवे उठायला गेले पण त्यांना लवकर उठता येईना. त्यांचा हात हवेत थरथरत पुढे आला आणि साहेबांच्या डोक्यावर टेकला. त्यांनी काय म्हटलं ते खिडकीपर्यंत ऐकू आलं नाही.

त्या दिवशी प्रभूभोजन साळव्यांनी दिलं. प्याला त्यांच्या हातात आणि प्याल्याखाली साहेबांचा हात. ज्या चौघांनी पत्र लिहिलं होतं तेही ओळीत आले आणि त्याच प्याल्यातून घेऊन गेले.

उपासना सुटल्यावर मी बाहेर उभा होतो. साळव्यांची बायको साहेबांसमोर येऊन थांबली. सगळे तिला पाळकीणबाई म्हणायचे. फार सोशिक बाई. ती म्हणाली, "साहेब, चारचौघांत माफी मागितली, चांगलं केलं. पर सहा महिने हे माणूस तोंड लपवून घरात बसलं. बाजारात गेले तर बाया तोंड फिरवायच्या. ते सहा महिने आता कोण देईल?"

बाजूचे लोक तिला गप्प करायला लागले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. "कोणीच देऊ शकत न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुमी म्हणता ते बराबर हाय." आणि पुढे काही जोडलं नाही.

साळव्यांना मानानं परत घेतलं, पण दुखणं वाढत गेलं आणि वर्षभरात ते स्वतःच थांबले, पुन्हा सेनगावला गेले. साहेबही वयाप्रमाणे निवृत्त झाले. शहरात त्यांच्यासाठी घर बघितलं होतं, ते नको म्हणाले आणि कुरुंद्यात चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. त्यांची बायको आधीच वारली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला. जांभळे झगे त्यांनी घडी करून नव्या बिशपकडे पाठवून दिले, आणि माझ्याकडून चार पांढरे सदरे शिवून घेतले. आता ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं कुठंतरी जायचे आणि दुपारी परत यायचे. हातात एक लहान पिशवी. आम्हाला वाटायचं, दवाखान्यात जात असतील. विचारलं तर म्हणायचे, "थोडं काम असतं."

एकदा साळव्यांसाठी दोन सदरे शिवायचं काम मी आपणहून घेतलं. गुंड्यांच्या जागी आतून चिकटपट्टी लावली, वरून नुसत्या दिसायला गुंड्या ठेवल्या, म्हणजे त्यांचं त्यांना घालता-काढता येईल. ते द्यायला मी एका शुक्रवारी सेनगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली होती. घर विचारत पोचलो तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. पाळकीणबाईंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला ओसरीतच थांबवलं.

आत अंगणात, उन्हात, साळवे पाळक खुर्चीवर बसले होते. गळ्याभोवती टॉवेल, गालांवर साबणाचा फेस. त्यांच्यासमोर स्टुलावर साहेब, सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, हातात वस्तरा, शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी. त्या लहान पिशवीत दाढीचं सामान असायचं, हे मला तेव्हा कळलं.

"पहिल्या दिवशी मी त्यांना दारातून परत लावलं होतं," पाळकीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या खेपेला हेच म्हणले, येऊ दे त्यांना, माझी दाढी लई वाढलीया."

"आता?"

"आता मंगळवार-शुक्रवारी चहाला दूध जास्तीचं ठिवते," म्हणाल्या.

आत दोघं सोयाबीनच्या भिजण्यावरून बोलत होते. साहेब काहीतरी म्हणाले आणि साळवे हसले, तसा फेसाचा एक थेंब टॉवेलवर पडला. हसण्यानं की दुखण्यानं, त्यांची हनुवटी थरथरायला लागली. साहेबांनी वस्तरा लगेच वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. घाई केली नाही, हनुवटी हातानं धरून थांबवायलाही गेले नाहीत, नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

मी सदऱ्यांचं पुडकं पाळकीणबाईंच्या हातात दिलं आणि आत न जाता निघालो. पुढच्या महिन्यात साहेब गेले, झोपेतच. डोळ्यांसमोर येतात ते त्या सकाळचेच. दारातून मागे वळून बघितलं तेव्हा थरथर थांबली होती, साहेबांनी दुसऱ्या हातानं गालाची कातडी हलकेच ताणली होती, आणि वस्तरा पुन्हा कानाजवळून खाली येऊ लागला होता.